पाणी परीक्षण: नमुना बाटलीत भरण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंत

मुळशी तालुक्यात पावसाळ्यात पाण्याला तोटा नसतो. ताम्हिणी घाटाची गणना राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांमध्ये होते आणि इंद्रायणी भाताचे खाचर पावसावरच निघते. पाण्याचा खरा प्रश्न भात काढणीनंतर सुरू होतो. रब्बीचा भाजीपाला, पॉलिहाऊसमधील फुले आणि रोपवाटिका यांना विहीर, बोअर, ओढा किंवा मुळा नदीचे पाणी द्यावे लागते. हे पाणी दिसायला स्वच्छ असले तरी पिकाला आणि जमिनीला योग्य आहे की नाही, हे प्रयोगशाळेतच कळते.

मात्र प्रयोगशाळा फक्त बाटलीत आलेले पाणी तपासते. बाटलीतले पाणी तुमच्या विहिरीतल्या पाण्यासारखे नसेल, तर अहवाल कितीही अचूक असला तरी सल्ला चुकतो. एका शेतकऱ्याने बोअर सुरू करताच आलेले पहिले पाणी तपासायला दिले. अहवालात लोह जास्त आले म्हणून त्याने लोह काढणारा फिल्टर घ्यायचे ठरवले. पैसे भरण्याआधी मोटार वीस मिनिटे चालवून पुन्हा नमुना घ्यायला सांगितले. दुसऱ्या नमुन्यात लोह नगण्य होते. पहिल्या बाटलीत आले होते ते लोखंडी पाइपमध्ये साचून राहिलेले पाणी.

नमुना कसा घ्यावा?

- बाटली : स्वच्छ प्लॅस्टिकची, एक लिटरची. औषधाची, खताची किंवा तेलाची बाटली वापरू नये. जे पाणी भरायचे त्याच पाण्याने ती तीन वेळा विसळावी. बोरॉन तपासायचे असल्यास काचेची बाटली टाळावी, कारण प्रयोगशाळेच्या काचेतच बोरॉन असते.
- बोअर : मोटार १५ ते २० मिनिटे चालवून मग नमुना घ्यावा.
- विहीर : काठाजवळचे किंवा वरच्या थरातले पाणी घेऊ नये. मोटार चालू करून घ्यावे किंवा बादली मध्यापर्यंत सोडून घ्यावे.
- नदी, ओढा : वाहत्या धारेतून, पृष्ठभागाखाली साधारण एक फूट खोलीवरून घ्यावे. नाला मिळतो त्या जागी घेऊ नये. तुमची मोटार जिथून पाणी उचलते, तिथलाच नमुना हवा.
- बाटली काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे. नाव, गाव, गट क्रमांक, पाण्याचा स्रोत, तारीख, वेळ आणि पीक लिहिलेली चिठ्ठी बाहेरून चिकटवावी.
- नमुना सावलीत, शक्यतो बर्फाच्या डब्यात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावा. उशीर झाल्यास पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निघून सामू बदलतो, चुना खाली बसतो आणि नायट्रेटचे आकडेही बदलतात.

वर्षातून दोन वेळा तपासणी करावी : पाणी सर्वांत कमी असते तेव्हा मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

प्रयोगशाळेत काय होते?

तंत्रज्ञ प्रथम नोंद करून नमुन्याला क्रमांक देतो. पुढील कामात नाव नसते, फक्त क्रमांक असतो. म्हणून चिठ्ठी पुसली गेली, तर नमुना वाया जातो.

सामू आणि विद्युत वाहकता मीटरवर मोजतात. त्याआधी मीटर प्रमाण द्रावणाने तपासून घेतात. वाहकतेसाठी ०.०१ नॉर्मल पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण वापरतात. २५ अंश सेल्सिअसला त्याचे वाचन १.४१ डेसी सायमन प्रति मीटर यायला हवे.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ईडीटीएच्या अनुमापनाने काढतात. लालसर द्रावण निळे झाले की थांबायचे असते. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट आम्लाने, क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने काढतात. क्लोराइडच्या वेळी पिवळे द्रावण विटकरी होते. सोडियम आणि पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर मोजतात. रंग बदलण्याचा क्षण ओलांडून दोन थेंब जास्त पडले, तरी आकडा बदलतो. म्हणून तपासणी दोनदा करून दोन्ही आकडे जुळतात का ते पाहतात.

नदी प्रदूषणाच्या अभ्यासासाठीचे नमुने वेगळ्या पद्धतीने घेतात. विरघळलेल्या प्राणवायूसाठी ३०० मिलीची काचेची बाटली बुडबुडा न राहता भरतात आणि काठावरच त्यात मँगनीज सल्फेट व अल्कलाइन आयोडाइड घालतात. तपकिरी साका आला तर पाण्यात प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही. बीओडीसाठी दुसरी बाटली २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून किती प्राणवायू खर्च झाला ते मोजतात. जिवाणू तपासणीला निर्जंतुक बाटलीच लागते. त्यामुळे शेतीसाठी भरलेल्या एकाच बाटलीतून या सर्व तपासण्या होत नाहीत.

अहवाल कसा वाचावा?

- विद्युत वाहकता (डेसी सायमन प्रति मीटर) : ०.२५ पेक्षा कमी उत्तम, ०.२५ ते ०.७५ चांगले, ०.७५ ते २.२५ निचरा असलेल्या जमिनीत व क्षार सहन करणाऱ्या पिकांना, २.२५ पेक्षा जास्त असल्यास सर्वसाधारणपणे टाळावे.
- सोडियम शोषण गुणोत्तर (एसएआर) : १० पेक्षा कमी असावे.
- शिल्लक सोडियम कार्बोनेट (आरएससी) (मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर) : १.२५ पर्यंत सुरक्षित, १.२५ ते २.५ मध्यम, २.५ पेक्षा जास्त अयोग्य.
- क्लोराइड : ४ मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत सहसा अडचण नाही.
- लोह : ठिबकसाठी ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या पुढे ड्रिपर बुजण्याचा धोका सुरू होतो, १.५ च्या पुढे तो गंभीर होतो.

अहवाल बरोबर आहे का, हे तुम्हालाही पडताळता येते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि पोटॅशियम यांची मिलिइक्विव्हॅलंटमधील बेरीज ही वाहकतेच्या साधारण दहापट यावी. समजा, अहवालात कॅल्शियम २.०, मॅग्नेशियम १.६, सोडियम ३.६ आणि पोटॅशियम ०.१ आहे. बेरीज ७.३ होते, म्हणून वाहकता ०.७३ च्या आसपास हवी. ती १.५ लिहिलेली असेल, तर प्रयोगशाळेत विचारावे. नमुना बदलला असेल किंवा एकक चुकले असेल.

याच पाण्यात बायकार्बोनेट ५.४ असेल आणि कार्बोनेट नसेल, तर आरएससी = ५.४ - (२.० + १.६) = १.८, म्हणजे मध्यम. एसएआर साधारण २.७ येतो. वाहकता आणि एसएआर चांगले, पण आरएससी मध्यम. फक्त वाहकता पाहून "पाणी चांगले" म्हणणाऱ्याची चूक इथेच होते.

मुळशीसाठी तीन गोष्टी

१) पॉलिहाऊसवर पाऊस पडत नाही. उघड्या रानात वर्षभरात साचलेले क्षार इथल्या जोरदार पावसाने धुऊन जातात. छताखालच्या गादीवाफ्यात ते साचतच राहतात. त्यामुळे वरील उदाहरणातले पाणी भाजीच्या रानाला चालेल, पण पॉलिहाऊसमध्ये सामू वाढून लोह, जस्ताची कमतरता दिसू शकते. तिथे बायकार्बोनेटच्या आकड्यावरून आम्लाची मात्रा तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावी. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी ओतू नये. पावसाचे पाणी शेततळ्यात साठवून विहिरीच्या पाण्यात मिसळणे हा अधिक सोपा उपाय आहे.

२) वाहकता कमी म्हणजे पाणी निर्धोक असे नाही. पूर्वेकडील, शहरालगतच्या गावांत ओढ्या-नाल्यांत सांडपाणी येते. उन्हाळ्यात प्रवाह घटला की त्याचा वाटा वाढतो. अशा पाण्याची वाहकता सिंचनाच्या मर्यादेत बसू शकते, पण त्यात विष्ठेतील जिवाणू असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८९ च्या मार्गदर्शनानुसार कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी १०० मिलि पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म १००० पेक्षा जास्त नसावेत. कोथिंबीर, पालक, मुळा, काकडी यांना असे पाणी देण्यापूर्वी ही तपासणी स्वतंत्रपणे सांगून करून घ्यावी. शंका असल्यास हे पाणी तुषारने देऊ नये आणि भाजी त्या पाण्यात धुऊ नये. बाजारात जाणारी जुडी कोणाच्या तरी ताटात कच्ची जाते, हे लक्षात ठेवावे.

३) नायट्रेट असल्यास खतातून वजा करावे. पाण्यात ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर नायट्रेट म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र. हेक्टरी १ सेंमी पाणी म्हणजे एक लाख लिटर, त्यातून १ किलो नत्र मिळते. हंगामात ३० सेंमी पाणी दिले तर ३० किलो. ४५ ही पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा आहे. तीच विहीर घरात वापरत असाल आणि आकडा याहून जास्त असेल, तर ते पाणी पिण्यासाठी वापरू नये, विशेषतः लहान बाळांना देऊ नये.

नमुना कोठे द्यावा?

कृषी विभागाची जिल्हा मृद सर्वेक्षण व मृद चाचणी प्रयोगशाळा, कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सिंचनाच्या पाण्याबाबत चौकशी करावी. पिण्याच्या पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. नमुना भरण्याआधीच कोणत्या तपासण्या होतात, कोणती बाटली लागते आणि कोणत्या दिवशी नमुने घेतात, हे विचारून घ्यावे. अहवाल मिळाल्यावर तो माती परीक्षणाच्या अहवालासोबत जपून ठेवावा. एका वर्षाच्या आकड्यापेक्षा तीन-चार वर्षांत तो कोणत्या दिशेने सरकतो आहे, यावरून विहिरीची स्थिती अधिक स्पष्ट कळते.