व्यायाम आणि दीर्घायुष्य
व्यायामाने आयुष्य वाढते ही समजूत प्राचीन असली, तरी तिला आकडेवारीचा आधार विसाव्या शतकाच्या मध्यास मिळू लागला. ब्रिटिश साथरोगशास्त्रज्ञ जेरेमी मॉरिस (१९१०–२००९) व त्यांचे सहकारी यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा सतत जिना चढणाऱ्या वाहकांत हृदयाच्या रोहिण्यांचा विकार कमी व सौम्य आढळला. तथापि चालक मुळातच अधिक स्थूल असावेत, अशी शंका उरली. १९५६ मध्ये गणवेशांच्या मापांवरून मॉरिस यांनीच तिला पुष्टी दिली. पुढे त्यांनी बैठे काम करणाऱ्या सरकारी नोकरांचीच परस्परांशी तुलना केली. फावल्या वेळात जोमदार व्यायाम करणाऱ्यांत हा विकार बराच कमी असल्याचे १९७३ मध्ये दिसून आले व मूळ निष्कर्षास बळकटी आली.