नकाराचे दोन अर्थ : व्हिएतनाम, पँथर आणि कोकण

साठोत्तरी मराठी साहित्याच्या चर्चेत १९६८ हे वर्ष बहुधा एखाद्या सणासारखे येते : पॅरिस, बर्कली, कोलकाता आणि त्यांच्या जोडीला मुंबईची लघुनियतकालिके. ही सांगड सोयीची आहे; पण तीत युद्धविरोध नेमका कोठे बसतो, हे सहसा तपासले जात नाही. मराठी विद्यार्थ्याने व्हिएतनामपासून काय घेतले आणि काय घेतले नाही, हा प्रश्न त्यामुळे मागेच राहिला आहे.

अमेरिकेत युद्ध विद्यापीठात शिरले ते सक्तीच्या सैन्यभरतीच्या वाटेने. मार्च १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक आणि विद्यार्थी रात्रभर युद्धावर चर्चा करीत बसले. १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून भरतीचा क्रम ठरविण्यात आला. ४ मे १९७० रोजी, कंबोडियावरील आक्रमणाचा निषेध चालू असताना, केंट स्टेट विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात ठार झाले. तेथील नकार आधी स्वतःच्या देहाविषयीचा होता, विचारप्रणालीचा नंतर.

मालवणच्या किनाऱ्यावर असा प्रसंग कोणावर येणारच नव्हता. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. त्यापूर्वीच्या दक्षिण रत्नागिरीत महाविद्यालयेच मोजकी होती (सावंतवाडीचे श्रीपंचम खेमराज महाविद्यालय १९६१ मध्ये निघाले) आणि पुढे शिकू पाहणारा मुलगा मुंबईची वाट धरी. येथील राजकारणावर छाप होती ती वेंगुर्ल्याच्या बॅ. नाथ पै यांच्या संसदीय समाजवादाची. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी राजापूर मतदारसंघाने मधु दंडवते यांना लोकसभेत पाठविले. दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. हा तपशील वाटतो तितका गौण नाही. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये स्थापन केलेले हे महाविद्यालय आणि वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह यांच्या परिसरात, समाजवाद्यांच्या सभ्य भाषेच्या अगदी शेजारी, एक निराळी भाषा घडत होती. १९७२ मध्ये ती 'दलित पँथर' हे नाव घेऊन उभी राहिली.

नाव उसने होते, यावरून 'परकीय अनुकरण' हा शिक्का तत्काळ बसला. शिक्का मारणाऱ्यांनी मूळ संघटनेचा कार्यक्रम मात्र फारसा पाहिलेला दिसत नाही. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन विद्यार्थ्यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला, तेव्हा त्यांच्या दहा कलमांपैकी एक थेट युद्धाविषयी होते : काळ्या पुरुषांना लष्करी सेवेतून सूट हवी. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात ब्लॅक पँथरशी नाते सांगितले आहे, व्हिएतनाम आणि कंबोडिया यांचे दाखलेही दिले आहेत. ही सूट मात्र त्यात नाही.

भारतात सक्तीची भरती नव्हती, हे त्याचे उघड कारण. परंतु त्याखाली दुसरे, अधिक खोलवरचे कारण आहे, आणि ते याच किनाऱ्यावर उत्तरेकडे, दापोलीस सापडते. तेथे निवृत्त महार सैनिकांची वस्ती होती. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ तेथे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज तयार केला. या मागणीची परिणती १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहण्यात झाली. न्यूटनच्या पिढीला जो गणवेश गुलामीची खूण वाटला, तो दलित स्मृतीत शाळा, निवृत्तिवेतन आणि आत्मसन्मान यांची खूण होता. त्या स्मृतीचा वारस सैनिकपण नाकारणार कसा?

म्हणून मराठीत आलेला व्हिएतनाम हा युद्ध नाकारणाऱ्यांचा नव्हे, युद्ध जिंकू पाहणाऱ्यांचा व्हिएतनाम आहे. गनिमी लढवय्या त्यात दिसतो. ११ जून १९६३ रोजी सायगावच्या चौकात स्वतःस जाळून घेणारा बौद्ध भिक्खू थिक क्वांग डुक दिसत नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर अवघ्या सतरा वर्षांनी लिहिलेल्या संहितेत एका बौद्धबहुल देशाचे बौद्धपण निसटावे, ही विलक्षण गोष्ट आहे. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'त (१९७२) तर युद्ध दूरदेशी नाहीच. ते गल्लीत चालू आहे आणि तेथून परतण्याची सोय कोणालाच नाही. जाहीरनाम्यातील मार्क्सवादी वळण राजा ढाले यांना आंबेडकरी, बौद्ध भूमिकेशी विसंगत वाटले आणि १९७४ मध्ये संघटना फुटली. हा वाद व्यक्तींचा म्हणूनच सांगितला जातो. 'व्हिएतनाम' या शब्दात लढवय्या वाचायचा की भिक्खू, हा अर्थनिर्णयाचा झगडाही त्यात होता, हे समीक्षेने नोंदविलेले नाही.

उलट दिशेने आलेले एक माणूस येथे आठवते. बर्कलीत युद्धविरोधी चळवळीत वावरलेल्या गेल ऑम्वेट १९७० च्या सुमारास संशोधनासाठी महाराष्ट्रात आल्या. पुढे कासेगावी स्थायिक झाल्या आणि १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या. त्यांचा ब्राह्मणेतर चळवळीवरील प्रबंध बर्कली येथे पूर्ण झाला तो जाहीरनाम्याच्याच वर्षी, १९७३ मध्ये. त्याचा कालखंड १८७३ ते १९३० असा आहे. वलंगकरांचा अर्ज त्याच कालखंडातला.