कांदिवलीची गाडी, इंजिनही कांदिवलीचंच



या पानावर एरवी भाताचं रोप, वालाच्या शेंगा, खाऱ्या वाऱ्याने करपलेला पाला असलंच काहीतरी असतं. आज गाडीबद्दल लिहितोय. जुनी महिंद्रा एफसी घेतल्याचा फोटो टाकला तेव्हापासून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय : "काका, ओरिजनल करणार की डिझेलच ठेवणार?"

उत्तर एका ओळीचं आहे. पण मागची गोष्ट कळल्याशिवाय ते पटायचं नाही, म्हणून सगळं लिहितो. चहा घेऊन बसा.

गाडी आहे एफसी-१५०, आरसी बुकावर साल १९६९, नोंद मालवाहू, नंबर जुना तीन अक्षरी. कारखान्यातून निघाली तेव्हा पेट्रोलची होती. १९७९ मध्ये बुकात इंजिन बदलाची नोंद आहे, पेट्रोल खोडून डिझेल. तेव्हापासून तिच्यात ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन आहे. वाद सगळा या खोडलेल्या ओळीवरून आहे.

आता थोडं मागे जाऊ.

आज अंधेरी-बोरिवलीच्या नव्या पोराला सांगितलं की इथे गाड्या बनायच्या, तर तो टॉवरकडे बघून हसतो. पण शेतमाल वाहणाऱ्या गाड्यांचा अर्धा इतिहास आपल्या उपनगरातच आहे. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कंपनी १९४४ सालची, आणि क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज ट्रक १९४७ पासून बाहेर पडायला लागले. फियाट आणि पद्मिनी सगळ्यांना आठवते, पण सुरुवात ट्रकची होती.

गोरेगावात १९५८ पासून बजाज टेम्पो. एन. के. फिरोदियांनी जर्मनीच्या विडाल अँड सोन या कंपनीशी करार करून 'हॅन्सिएट' नावाची तीनचाकी आणली. पुढे एक चाक, इंजिनही पुढेच, मागे माल. जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव 'टेम्पो'. कारखाना काही वर्षांत पुण्याजवळ आकुर्डीला गेला, पण नाव असं चिकटलं की आज गाडी कुठल्याही कंपनीची असो, आपण भाजी 'टेम्पोतच' भरतो.

आणि कांदिवलीला महिंद्रा. कंपनी २ ऑक्टोबर १९४५ ला सुरू झाली तेव्हा नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. जे. सी. आणि के. सी. हे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडायचं काम माझगावात सुरू झालं, मग कारखाना कांदिवलीला आला आणि भाग हळूहळू इथेच बनायला लागले.

एफसी म्हणजे 'फॉरवर्ड कंट्रोल'. विलीजने ही गाडी अमेरिकेत १९५६ च्या अखेरीस दाखवली. युक्ती साधी होती. जीपचाच सांगाडा, दोन्ही धुऱ्यांमधलं अंतर तेच ८१ इंच, पण बॉनेट काढून टाकायचं आणि ड्रायव्हरला थेट इंजिनाच्या बाजूला बसवायचं. त्यामुळे जेमतेम सव्वाबारा फूट लांबीच्या गाडीला सहा फुटांचा हौदा मिळाला. चारही चाकांना ताकद, त्यामुळे चिखलात अडकत नाही. खोटही आहे : रिकामी असली की नाक जड, जोरात ब्रेक मारला तर मागचा भाग हलका पडतो. अमेरिकेत ती फारशी चालली नाही, १९६५ च्या सुमारास तिथे बंद झाली. आणि त्याच वर्षी आपल्याकडे महिंद्राने सुरू केली! तिथे नको झालेली गाडी इथे पुढे कित्येक वर्षं धावली. याच घराण्याच्या सांगाड्यांवर मिनीबस झाल्या, रुग्णवाहिका झाल्या.

आता इंजिनाकडे या. १९६३ मध्ये महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली. तिचा कारखानाही कांदिवलीलाच. तिथे बी-२७५ ट्रॅक्टर बनायला लागला. मूळ डिझाइन इंग्लंडमधलं, चार सिलिंडर, ३५ एचपी. देशावरच्या आपल्या पाहुण्यांकडे विचारा, 'इंटरनॅशनल' म्हटलं की म्हाताऱ्या माणसांचे डोळे चमकतात. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रातच विलीन झाली.

मधे १९७३ चं तेलसंकट आलं. अरब देशांनी तेल अडवलं आणि काही महिन्यांत जगात कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. पेट्रोलची जीप आणि पेट्रोलची एफसी पोसणं भाजीवाल्याच्या आवाक्याबाहेर गेलं. वांगी विकून पेट्रोल घालायचं आणि परत वांगीच आणायला जायचं, असला हिशोब. महिंद्राने तेव्हा काय केलं? नवं इंजिन शोधत बसण्याऐवजी घरातल्याच ट्रॅक्टरच्या इंजिनावरून २३५० सीसीचं डिझेल तयार करून जीपमध्ये घातलं. जे कंपनीने केलं तेच गॅरेजवाल्यांनी रस्त्याकडेला केलं. ज्यांच्याकडे पेट्रोलच्या गाड्या होत्या त्यांनी तेच डिझेल बसवून घेतलं. माझ्या एफसीच्या बुकातली १९७९ ची ओळ ही तेलसंकटाची एका भाजीवाल्याच्या घरातली नोंद आहे.

गाडी उघडली तेव्हा हे सगळं पत्र्यावरच दिसलं. केबिनमधलं इंजिनाचं झाकण चार बोटं उंच केलंय, कारण डिझेल उंच पडतं. ते काम इतकं नीट की रिव्हेट मोजून घ्यावेत. चॅसीवर नवे माउंटिंग वेल्ड केलेत, एकाच्या खाली ट्रॅक्टरच्या नांगराची जाड पट्टी वापरलीय. फाळक्याच्या बिजागऱ्या दोनदा बदलल्यात. हौद्याच्या पाटाला मधोमध घासून खोलगट झालंय, पाट्या-करंड्या ओढून ओढून. रंग घासताना तीन थर निघाले.

खाऱ्या हवेने मात्र वाट लावलीय. केबिनचा खालचा पत्रा चाळण, मागच्या पाट्यांची दोन पानं तुटलेली. आमच्या गोराईला गाडी आणायची म्हणजे दहिसर-भाईंदर-उत्तन असा वळसा, तोही दुसऱ्या टेम्पोवर चढवून. आतापर्यंत चॅसीचं काम, पाट्या आणि पंप-नोझल झालंय. लायनर, पिस्टन, रिंगा ट्रॅक्टरच्या स्पेअरवाल्याकडे मिळाल्या. जुना भाग हातात घेऊन जायचं आणि नावावर न जाता मापावर घ्यायचं, एवढं पथ्य पाळलं की काम होतं.

आता 'ओरिजनल'वाल्यांचं म्हणणं. एका ओळखीच्याने निरोप दिलाय की कुर्ल्याच्या भंगार बाजारातून मूळचं पेट्रोल हरिकेन इंजिन मिळवून देतो. त्याचं म्हणणं, ते बसव, झाकण खाली कर, कारखान्याचा रंग दे, गाडीची किंमत होईल. चुकीचं काही बोलत नाही तो. सरकारचा नियमही त्याच बाजूचा आहे. २०२१ च्या विंटेज नियमानुसार गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, दुचाकी किंवा चारचाकी, खासगी वापराची, आणि चॅसी-बॉडी-इंजिनात मोठा बदल नसलेली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये. माझी गाडी वयात बसते, पण दोनदा नापास होते. एक, ती मालवाहू. दोन, तिचं इंजिन बदललंय.

याच गोष्टीचा मला त्रास होतो. राजेरजवाड्यांची गाडी पडद्याखाली उभी राहिली म्हणून तशीच्या तशी राहिली. कामाची गाडी तशी कशी राहील? ती रोज लादली जाते, मोडते, दुरुस्त होते, आणि जगायचं तर इंजिनही बदलते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मर्यादा संपून बंद झाली, तेव्हा निदान पेपरात फोटो आले, एखादी तरी जपा म्हणून लोक बोलले. भाजीच्या गाडीसाठी कोण बोलणार? ती किलोवर जाते. ज्या कुर्ल्यात डॉज ट्रक बनले, त्याच कुर्ल्यात आता जुन्या गाड्या कापल्या जातात.

तर माझं उत्तर : डिझेलच राहणार. पेट्रोल इंजिन बसवलं तर गाडी १९६९ ची दिसेल, पण पुढची सगळी वर्षं पुसली जातील. आणि तीच तर तिची खरी कमाई आहे. एका गावची गाडी, त्याच गावच्या दुसऱ्या कारखान्याच्या घराण्यातलं इंजिन, आणि दोघांना जोडणारा कुणीतरी अनामिक मिस्त्री. यापेक्षा ओरिजनल काय असतं? झाकण उंचच राहील. नांगराची पट्टी मजबूत आहे, तीही राहील. सडलेला पत्रा तेवढा बदलणार, आणि दरवाजाच्या आतल्या बाजूला रंगाचे तिन्ही थर हातभर जागेत तसेच सोडणार. रस्त्यावर ती येणार नाही, बांधापासून घरापर्यंत माल आणेल तेवढं पुरे.

तुमच्यापैकी कुणी जुनी पिकअप घेणार असाल तर तीन गोष्टी आधी बघा. चॅसीवरचा नंबर वाचता येतो का आणि बुकाशी जुळतो का. चॅसीला आतून गंज किती, हातोडीने ठोकून आवाज ऐका. बद आवाज आला तर सोडून द्या. आणि बुकात इंजिन बदलाची नोंद आहे का. नोंद नसलेलं इंजिन म्हणजे पुढे आरटीओत डोकेदुखी.

आणि घरात कुणाकडे जुनं आरसी बुक, गॅरेजची पावती, गाडीसमोर उभ्या आजोबांचा फोटो असेल तर तो रद्दीत घालू नका. गाडी गेली तरी चालेल, कागद ठेवा. कुठल्या गावची भाजी कुठल्या गाडीतून कुठल्या मंडईत जायची, हे त्या कागदाशिवाय दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही.

पुढच्या वेळी पंपाचं काम फोटोसकट टाकतो. तोवर पेरणी आटपा.