विजेचा मापाडी

शिरूरच्या बाजारांत माल घेऊन आलेला शेतकरी आणि तो माल विकत घेणारा व्यापारी यांच्या मध्यें एक तिसरा माणूस उभा असतो. त्याला मापाडी म्हणतात. माल त्याचा नसतो आणि पैसाही त्याचा नसतो; तरीसुद्धां त्याच्या हातांतील कांटा जिकडे झुकेल तिकडे दोघांचा नफातोटा झुकतो. ‘मापांत पाप’ हा शब्दप्रयोग ज्या लोकांनीं रूढ केला, त्यांना या तिसऱ्या माणसाचें महत्त्व पुरतें ठाऊक होतें. म्हणूनच मुंबई सरकारनें १९३२ सालीं वजनामापांचा कायदा केला आणि १९३९ सालीं शेतमालाच्या बाजारांचा. वजनांवर सरकारी शिक्का आला, बाजारावर समितीची देखरेख आली. कांटा कोणाच्या घरचा, यापेक्षां तो दोघांच्या डोळ्यांसमोर उभा आहे कीं नाहीं, ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

वीज हाही एक मालच आहे. मात्र तो डोळ्यांना दिसत नाहीं, पायलीनें मोजतां येत नाहीं आणि एकदां वापरल्यावर परतही करतां येत नाहीं. अशा मालाचा मापाडी म्हणजे दाराशेजारच्या भिंतीवर टांगलेला मीटर. हा जुना मापाडी काढून त्याच्या जागीं ‘स्मार्ट’ म्हणजे स्वतःच बातमी कळविणारा नवा मापाडी बसविण्याचें काम महाराष्ट्रभर चालू झालें आहे, आणि शिरूर व दौंड तालुक्यांतील घराघरांपुढें एक प्रश्न येऊन उभा राहिला आहे : त्याला दारांत घ्यावा कीं न घ्यावा? प्रश्न नवा वाटतो. परंतु त्याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून अधिक जुना आहे, आणि तो ऐकल्यावांचून निर्णय करणें म्हणजे तराजू न पाहतां माल घेण्यासारखें आहे.

एडिसननें १८८२ सालीं न्यूयॉर्क शहरांत विजेचा पुरवठा सुरू केला, तेव्हां वीज मोजावी कशी, हीच पहिली अडचण उभी राहिली. त्यानें योजलेला मीटर म्हणजे एक कांचेचें भांडें होतें. त्यांत जस्ताचें द्रावण आणि जस्ताचे पत्रे असत. घरांत येणाऱ्या विजेचा एक अगदीं लहानसा भाग त्यांतून जाई व एका पत्र्यावर जस्त चढे. महिन्याच्या शेवटीं कंपनीचा माणूस ते पत्रे घेऊन जाई, त्यांचें वजन करी आणि त्यावरून बिल तयार होई. शास्त्राच्या दृष्टीनें ही युक्ति सुरेख होती. व्यवहाराच्या दृष्टीनें मात्र तिच्यांत एक मोठें वैगुण्य होतें. ज्याला पैसे द्यावयाचे, त्या घरधन्याला त्या भांड्यांत पाहून कांहींच कळत नसे. मापही कंपनीचें आणि मापाची वाचणीही कंपनीचीच!

हें वैगुण्य पुढें दहा वर्षांच्या आंतच दूर झालें. १८८९ सालीं अमेरिकेंत एलिहू थॉमसन यानें आणि बुडापेस्ट येथें ओटो ब्लाथी यानें असे मीटर तयार केले कीं, ज्यांत विजेच्या प्रवाहाबरोबर फिरणारा भाग असे आणि त्याचे फेरे आंकड्यांच्या तबकडीवर उमटत. पुढें घरोघर दिसूं लागलेली, कांचेआड संथपणें फिरणारी ॲल्युमिनियमची चकती ही याच घराण्यांतली. एक हजार वॅटचें उपकरण एक तास चाललें कीं एक युनिट, हा हिशेब शाळकरी मुलालाही समजूं लागला. घरांतील सर्व दिवे बंद केले आणि तरीही चकती फिरत राहिली, तर कोठें तरी गळती आहे, हें गृहिणीलाही कळूं लागलें. मीटर दोघांचा साक्षीदार झाला, आणि विजेचा व्यापार खऱ्या अर्थानें तेव्हांपासून स्थिरावला.

‘आधीं पैसे, मग माल’ ही प्रीपेडची कल्पनाही कांहीं आजची नव्हे. बर्मिंगहॅमच्या ब्राउनहिल यानें १८८७ सालीं नाणें टाकून गॅस घेण्याच्या मीटरचें पेटंट घेतलें, आणि लंडनच्या साउथ मेट्रोपॉलिटन गॅस कंपनीनें १८९२ पासून असे मीटर मजुरांच्या वस्तींत बसविण्यास सुरुवात केली. एक पेनी टाकावी, तेवढा गॅस यावा, पेनी संपली कीं शेगडी विझावी. या युक्तीमुळें, ज्यांना तिमाही बिल एकदम भरणें अशक्य होतें, त्या हजारों गरीब घरांत गॅसची शेगडी प्रथमच पेटली, हें खरें. पण उपकरणांचें भाडें त्याच पेनींतून वसूल होत असल्यामुळें तोच गॅस त्यांना अधिक महाग पडे, आणि आजारी माणूस घरांत असतां पेनी नसली तर शेगडी थंड पडे, हेंही तितकेंच खरें. सोय आणि कांच हीं दोन्हीं त्या एकाच यंत्रांत बसविलेलीं होतीं.

हिंदुस्थानांत १९१० सालचा विजेचा कायदा झाला, तेव्हां या अनुभवाचा उपयोग करण्यांत आला. ग्राहकानें वापरलेली वीज बिनचूक मीटरनेंच मोजली पाहिजे. मीटर जोडावयाचा अगर काढावयाचा असल्यास एका पक्षानें दुसऱ्यास अठ्ठेचाळीस तासांची लेखी सूचना दिली पाहिजे. आणि मीटर बरोबर कीं चूक असा वाद निघाला, तर त्याचा निकाल कंपनीनें नव्हे, तर सरकारच्या विद्युत्-निरीक्षकानें द्यावा, असा त्या कायद्याचा दंडक होता. खोपोलीच्या टाटा वीजगृहांतून १९१५ च्या सुमारास मुंबईकडे वीज जाऊं लागली आणि पुढें पुणें शहरांतही दिवे लागले, ते या नियमांच्या छायेंत.

शिरूर-दौंडच्या खेड्यांना मात्र पुष्कळ थांबावें लागलें. मुंबईहून निघालेली विजेची आगगाडी १९२९ सालीं पुण्यास पोंचली. पण पुण्यापासून दौंडपर्यंतच्या लोहमार्गावर विजेच्या तारा चढण्यास एकविसाव्या शतकाचें दुसरें दशक उजाडावें लागलें. १९४७ सालीं साऱ्या देशांत वीज पोंचलेलीं खेडीं अवघीं दीड हजाराच्या आसपास होतीं. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झालें, १९६२ सालीं कोयनेची वीज वाहूं लागली, आणि मग भीमा व घोड या नद्यांच्या कांठीं मोटारींचा आवाज घुमूं लागला. जेथें बाजरी पिकत होती तेथें ऊंस उभा राहिला. दौंड तालुक्यांत पाटस येथें आणि शिरूर तालुक्यांत न्हावरे येथें साखर कारखाने धूर सोडूं लागले.

याच काळांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. रानोमाळ विखुरलेल्या मोटारींचे मीटर वाचीत हिंडणें मंडळास परवडेना. म्हणून १९७० नंतरच्या दशकांत शेतीची वीज मोजण्याऐवजीं मोटारीच्या अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू झाली. शेतकऱ्यास ती सोयीची वाटली, मंडळासही वाटली. परंतु ज्या बाजारांत मापाडी नाहीं, त्या बाजारांत अंदाजाचें राज्य येतें. शेतीला वीज किती गेली, तारांत किती वाया गेली आणि चोरीस किती गेली, याचा नीट हिशेब कोणापाशींच उरला नाहीं. गळतीचा मोठा भाग शेतकऱ्याच्या नांवावर खपविला जातो, असा आक्षेप अभ्यासकांनीं पुढें वर्षानुवर्षें घेतला. न मोजलेल्या मालाची किंमत शेवटीं मोजलेल्या ग्राहकाच्या बिलांत येऊन बसते. शिरूरचा दुकानदार आणि दौंडचा रेल्वे-नोकर तिच्यांतून सुटत नाहीं. मीटर नसणें म्हणजे स्वातंत्र्य, हा समज या इतिहासानें खोटा ठरविला.

२००३ सालच्या विद्युत् कायद्यानें जुने कायदे रद्द केले आणि मीटरवांचून पुरवठा करूं नये असें पुन्हां बजावलें. २०२१ सालच्या जुलैंत केंद्र सरकारनें वितरण-सुधारणेची योजना काढली व देशांत २५ कोटि स्मार्ट प्रीपेड मीटर बसविण्याचें लक्ष्य ठेविलें. महाराष्ट्रांत २०२३ सालीं सुमारें सव्वादोन कोटि मीटरांचे ठेके देण्यांत आले. यावर वादळ उठलें. महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेसारख्या संस्थांनीं विरोधाची मोहीम काढली. प्रीपेड मीटर घेण्यास तयार असलेल्या ग्राहकाकडून अनामत मागूं नये, असें कायद्याच्या ४७ व्या कलमांत आहे. म्हणजे प्रीपेड ही ग्राहकाची निवड आहे, सक्ति नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. जून २०२४ मध्यें, सर्वसामान्य ग्राहकांच्या घरीं प्रीपेड मीटर बसविले जाणार नाहींत, असें राज्य सरकारनें जाहीर केलें. त्यानंतर २०२५ सालीं जे मीटर घराघरांत बसूं लागले ते स्मार्ट खरे, पण आधीं वापर आणि मग बिल या जुन्या रीतीचे.

हा फरक किरकोळ नव्हे. बिल थकलें तर वीज तोडण्यापूर्वीं पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे, असें २००३ च्या कायद्याचें ५६ वें कलम सांगतें. पगार लांबला, कांद्याची पट्टी उशिरां मिळाली, घरांत बाळंतपण निघालें, तर हे पंधरा दिवस म्हणजे संसाराला मिळालेली उसंत होय. प्रीपेड पद्धतींत शिल्लक सरतांच दिवा जातो. तेथें या उसंतीला जागाच उरत नाहीं. लंडनच्या मजुराची थंड शेगडी ती हीच.

आतां नव्या मापाड्याचे गुण पाहावे. तो दर पंधरा किंवा तीस मिनिटांचा वापर टिपून ठेवतो आणि बिनतारी मार्गानें केंद्राकडे धाडतो. वाचणीला माणूस येण्याची गरज राहत नाहीं. ‘घर बंद’ असा शेरा मारून काढलेलें अंदाजी बिल येण्याचें कारण उरत नाहीं. कोणत्या वेळीं किती वीज लागली हें मोबाइलवर पाहतां येतें. १ जुलै २०२५ पासून असा मीटर असलेल्या घरांना सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ या वेळांतील वापरावर दर युनिटास ८० पैशांपासून पुढें वाढत जाणारी सवलत लागू झाली. तिचा लाभ सर्वांना सारखा नाहीं. पतिपत्नी दोघेंही रांजणगांवच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यांत दिवसपाळीला जात असतील, तर त्यांच्या घरीं दुपारीं चालतो तो फक्त फ्रिज. उलट दौंडला रात्रपाळी करून दिवसां विश्रांति घेणाऱ्या रेल्वे-नोकराच्या घरीं पंखा, पाण्याची मोटार, घरघंटी, इस्त्री हीं सारीं दिवसांच चालतात. महिन्याला अशीं ४० युनिटें दिवसां लागलीं, तर ८० पैशांच्या हिशेबानें ३२ रुपये वांचले. रक्कम लहान आहे. पण ती नेमकी मोजतां येते, हेंच येथें ध्यानांत घेण्याजोगें.

आणि दोष? ज्या नोंदीवरून सवलत मिळते, त्याच नोंदीवरून घर केव्हां जागें असतें, केव्हां निजतें आणि केव्हां रिकामें असतें, हेंही कळतें. बंदोबस्तासाठीं महिनामहिना बाहेर राहणाऱ्या राखीव पोलिसाच्या कुटुंबाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. नेदर्लंड्सच्या वरिष्ठ सभागृहानें २००९ सालीं याच कारणासाठीं सक्तीचा कायदा अडविला, आणि पुढें नकार देण्याची मोकळीक ठेवूनच तेथें हे मीटर बसले. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांत बेकर्सफील्ड येथें नवे मीटर बसल्यावर बिलें भडकलीं म्हणून लोक खवळले. तिऱ्हाइतांनीं तपासणी केली, तेव्हां मीटर बिनचूक निघाले. त्या वर्षींचा उन्हाळा कडक होता आणि दरही वाढले होते. मात्र गाऱ्हाणें ऐकून घेण्यांत कंपनी कमी पडली, असेंही त्याच तपासणींत आढळलें. शिरूरच्या घरीं एप्रिलांत नवा मीटर बसला आणि मेमध्यें बिल फुगलें, तर दोष यंत्राचा, उन्हाचा कीं दराचा, हें ठरविण्यास तसाच तिऱ्हाइताचा कांटा हवा.

असा कांटा कायद्यानें दिलेला आहे. केंद्र सरकारच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्यें जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणें, रीडिंग वापराशीं जुळत नाहीं अशी तक्रार ग्राहकानें केल्यास पांच दिवसांच्या आंत पडताळणीचा दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने दोन्हींचा मेळ पाहणें वितरकावर बंधनकारक आहे. जून २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणें, नवा मीटर बसण्यापूर्वींच्या काळासाठीं नव्या मीटरनें दाखविलेल्या कमाल मागणीवरून दंड लावतां येत नाहीं. हे दोन नियम ज्या घराला ठाऊक आहेत, त्याच्या दारीं येणाऱ्या मीटरची किंमत वेगळी आणि ज्याला ठाऊक नाहींत त्याची वेगळी.

तेव्हां निर्णयाची वेळ येईल त्या दिवशीं घरधन्यानें घाबरूंही नये आणि डोळेही मिटूं नयेत. जुन्या मीटरचा शेवटचा आंकडा फोटोंत टिपून ठेवावा आणि नव्याचा पहिला आंकडा त्याच्या शेजारीं लिहून ठेवावा. मीटर प्रीपेड आहे कीं बिलाचा, हें लेखी विचारून घ्यावें. मागील वर्षाचीं बाराही बिलें जपावीं, म्हणजे पुढील उन्हाळ्याची तुलना मागल्या उन्हाळ्याशीं होईल, मागल्या हिवाळ्याशीं नव्हे. शंका आली, तर पडताळणीच्या मीटरची मागणी अर्जानें करावी आणि अर्जाची पोंच घ्यावी. मीटरची किंमत वेगळी घेत नाहींत, म्हणून तो फुकट आहे असेंही समजूं नये. केंद्राचें अनुदान किंमतीच्या एका लहान भागापुरतें आहे आणि उरलेला खर्च कोठून तरी यावाच लागतो. म्हणून वीज नियामक आयोगाच्या दराच्या सुनावण्यांकडे लक्ष ठेवणें, हाही आतां घरखर्चाचाच एक भाग झाला आहे.

एडिसनच्या भांड्यापासून आजच्या बोलक्या मीटरपर्यंत यंत्र अनेकदां बदललें. प्रश्न मात्र एकच राहिला. माप दोघांना दिसतें काय, आणि वाद झाला तर तिसरा कोणी ऐकणारा आहे काय? या दोन्हीं प्रश्नांचें उत्तर होकारार्थी असेल, तर नव्या मापाड्याला भिंतीवर जागा द्यावयास हरकत नाहीं. तें उत्तर नकारार्थी असेल, तर यंत्र जुनें असो वा नवें, मापांत पाप शिरावयास फट राहतेच. ती फट बुजविण्याचें काम यंत्र करीत नाहीं. आपलें बिल दर महिन्यास नीट वाचणारें घर तें करतें.