थिएटर ऑफ ट्रॅजेडी : गॉथिक मेटलमधील दोन स्वरांचा नॉर्वेजियन बँड

नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील स्टाव्हांगर शहरात १९९३ साली स्थापन झालेला थिएटर ऑफ ट्रॅजेडी हा बँड गॉथिक मेटल या संगीतप्रकाराच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी एक मानला जातो. पुरुषाचा खर्जातील घोगरा स्वर आणि स्त्रीचा कोमल, उंच स्वर यांचा संवाद हे त्याचे वैशिष्ट्य होते. युरोपातील अनेक बँडनी पुढे ही पद्धत स्वीकारली. या बँडने मात्र तिच्यापासून काही काळ स्वतःच फारकत घेतली.

पार्श्वभूमी

गॉथिक मेटलमध्ये संथ, जड गिटारवादनाला कीबोर्डची आणि विषण्ण काव्याची जोड असते. ब्रिटनच्या पॅराडाइज लॉस्ट या बँडने १९९१च्या ‘गॉथिक’ या अल्बममध्ये स्त्रीस्वर वापरला होता, पण तो पूरक स्वरूपाचा होता. थिएटर ऑफ ट्रॅजेडीने गायिकेला गायकाच्या बरोबरीचे स्थान दिले. नॉर्वेतील मेटल संगीत त्या काळी जगभर ओळखले जात होते ते मुख्यतः ब्लॅक मेटलमुळे आणि त्या वर्तुळातील काहींनी केलेल्या चर्च जाळण्याच्या गुन्ह्यांमुळे.

पहिले पर्व

रेमंड रोहोन्यी आणि लिव्ह क्रिस्टिन हे बँडचे गायक होते. जर्मनीच्या मॅसॅकर रेकॉर्ड्सने १९९५मध्ये बँडच्याच नावाचा पहिला अल्बम प्रकाशित केला. १९९६मध्ये ‘व्हेल्व्हेट डार्कनेस दे फिअर’ आणि १९९८मध्ये ‘एजिस’ हे अल्बम आले. रोहोन्यी यांनी गीतांसाठी शेक्सपिअरच्या काळातील इंग्रजीचा वापर केला. ‘एजिस’मधील गीतांना कॅसॅन्ड्रा, लोरेलाय, व्हीनस अशी पुराणकथा व दंतकथांमधील स्त्रियांची नावे आहेत.

याच सुमारास स्टाव्हांगरमध्ये ट्रिस्टानिया आणि जवळच्या ब्रिने येथे द सिन्स ऑफ दाय बिलव्हेड हे बँड उदयास आले. त्यांनीही स्त्री-पुरुष स्वरांची हीच मांडणी अवलंबिली.

दिशाबदल आणि फूट

२००० साली आलेल्या ‘म्युझिक’ या अल्बममध्ये बँडने आपली ओळख बदलली. जुनी भाषा आणि घोगरा स्वर यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक ताल, आधुनिक इंग्रजी आणि यंत्र, रेडिओ, शहर असे विषय आले. २००२चा ‘असेंब्ली’ हा अल्बमही त्याच वळणाचा होता. या बदलाने अनेक जुने चाहते नाराज झाले.

बँडने २००३मध्ये लिव्ह क्रिस्टिन यांना वगळले. त्यांनी त्याच वर्षी जर्मनीतील अ‍ॅट्रॉसिटी या बँडच्या सदस्यांसमवेत लीव्ह्ज आइज हा नवा बँड स्थापन केला. थिएटर ऑफ ट्रॅजेडीमध्ये त्यांची जागा २००४मध्ये द क्रेस्ट या बँडच्या नेल सिग्लँड यांनी घेतली.

अखेर

२००६च्या ‘स्टॉर्म’मध्ये बँड पुन्हा गॉथिक शैलीकडे झुकला, तर २००९च्या ‘फॉरएव्हर इज द वर्ल्ड’मध्ये रोहोन्यी यांचा घोगरा स्वरही परतला. परंतु कुटुंब आणि नोकरी सांभाळून बँड चालविणे सदस्यांना कठीण होत गेले. त्यामुळे बँड विसर्जित करण्याचा निर्णय २०१०मध्ये जाहीर करण्यात आला. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी स्टाव्हांगर येथेच अखेरचा कार्यक्रम झाला. त्याचे चित्रमुद्रण २०११मध्ये ‘लास्ट कर्टन कॉल’ या नावाने प्रकाशित झाले.

बँडचा प्रवास सतरा वर्षांत संपला. त्याने रूढ केलेली दोन स्वरांची पद्धत मात्र गॉथिक मेटलची ओळख बनून राहिली.