क्रेमास्टर प्रतिक्षेप आणि न उतरलेले वृषण

क्रेमास्टर प्रतिक्षेप : वृषणरज्जूभोवतीचा क्रेमास्टर स्नायू आपोआप आखडून वृषण जांघेकडे ओढतो, ती अनैच्छिक क्रिया. थंडी, भीती किंवा मांडीच्या आतील त्वचेला झालेला स्पर्श एवढे निमित्त तिला पुरते. शुक्रजंतू तयार होण्यासाठी वृषणाला शरीरापेक्षा २ ते ४ अंश से. कमी तापमान लागते. ते राखण्यास हा स्नायू मदत करतो. तान्हेपणी प्रतिक्षेप मंद असतो, साधारण २ ते ८ वर्षे या वयात फार जोरकस.

घोटाळा होतो तो याच वयात. नाशिक जिल्ह्यातील निफाडची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा गारठ्यातल्या सकाळी, शाळेतल्या तपासणीत, गार हात लागताच मुलाचे वृषण वर सरकते आणि ‘गोटी उतरलेली नाही’ असा समज होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (२०१३ पासून) पथके शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा मुले तपासतात. म्हणून हा फरक त्यांना नेमका ओळखता यायला हवा. खोली उबदार, हात कोमट आणि पालक जवळ असावेत. मूल मांडी घालून बसलेले असावे. वृषण हलकेच खाली आणून सुमारे मिनिटभर धरले की स्नायू थकतो. सोडल्यावर ते पिशवीतच राहिले, तर ते फक्त मागे सरकणारे वृषण होय. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही, सोनोग्राफीही नाही. न्हाऊ घालणाऱ्या आईला किंवा आजीला ‘गरम पाण्यात दोन्ही दिसतात का’ एवढे विचारले, तरी निम्मे निदान होते. मात्र अशी काही वृषणे पुढे वरच अडकतात, त्यामुळे वयात येईपर्यंत दरवर्षी तपासणी हवीच.

खरोखर न उतरलेले वृषण ही वेगळी अवस्था. गर्भात पोटातून निघालेले वृषण शेवटच्या तिमाहीत पिशवीत पोचते. पूर्ण दिवसांच्या मुलग्यांपैकी शेकडा सुमारे ३ जणांत ते वाटेत थांबते, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत याहून कितीतरी अधिक. बहुतेकांत ते पहिल्या काही महिन्यांत आपसूक उतरते. सहा महिन्यांनंतर ही शक्यता फार कमी उरते, म्हणून ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान ते शस्त्रक्रियेने पिशवीत आणून टाके घालून स्थिर करतात. उशीर झाल्यास प्रजननक्षमता घटते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. ‘मोठा झाला की येईल खाली’ हा घरोघरीचा दिलासा इथे घातक ठरतो.

प्रतिक्षेप नसणे हीसुद्धा खूण आहे. मोठ्या मुलाच्या वृषणात एकाएकी तीव्र कळ येऊन त्या बाजूचा प्रतिक्षेप गेला असेल, तर वृषणाला पीळ पडल्याची दाट शंका घ्यावी. वृषण वाचवायला अशा वेळी सुमारे सहा तासच हाती असतात. मुलाने लाजून दडवले तरी घरच्यांनी थेट शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.