वाटेचे माप आणि मापाचा धनी

चेन्नईस बदलून आलेल्या मराठी माणसाला येथील जुने रहिवासी एकच उपदेश करतात: जे काही चालणे-फिरणे असेल ते सूर्य वर येण्यापूर्वी उरकून घ्यावे. या उपदेशाचे पालन करणाऱ्यांत अलीकडे सायकलस्वारांची संख्या वाढली आहे. पहाटे मरीनाच्या बाजूने किंवा पूर्व किनारा मार्गाने महाबलिपुरमच्या दिशेला जाणारे थवे दिसतात, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या हँडलवर अथवा खिशात मोबाइल असतो. किती किलोमीटर झाले, किती वेगाने झाले, वाट कोणती होती, हे सारे तो टिपून ठेवतो. साहजिकच नवख्याचा पहिला प्रश्न असतो, ‘ॲप कोणते घ्यावे?’ प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु वाट मोजणे हे कर्म केव्हाही किरकोळ नव्हते. आणि हिंदुस्थानात त्या कर्माला शास्त्राचे रूप जेथे आले, ते स्थळ याच शहराच्या पोटात आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या वाटेने शोधणे अप्रस्तुत होणार नाही.

आपल्याकडे अंतर कोसात सांगत. कोस हे माप खरे, पण ते मुलखागणिक बदले. डोंगराळ मुलखातला कोस आणि देशावरचा कोस यांची लांबी एक नसे. चालणाऱ्याचा थकवाही त्यात मिसळलेला असे. विष्णुभट गोडसे यांनी 1857 च्या धामधुमीत उत्तरेकडे केलेला प्रवास पुढे ‘माझा प्रवास’ या नावाने 1907 साली छापला गेला. अशा प्रवासात वाटेचे माप म्हणजे मुक्काम, दिवस आणि गाठ पडलेली माणसे. वाट ही अनुभवाने मोजावयाची वस्तू होती, आणि ते माप चालणाऱ्याच्याच पदरी राही.

कंपनी सरकारला असल्या मापाचा उपयोग नव्हता. फौज किती दिवसांत कोठे पोहोचेल आणि कोणत्या जमिनीवर किती सारा बसेल, हे तिला कागदावर हवे होते. मद्रासेत 1794 साली मोजणी शिकविणारी शाळा निघाली. आजचे गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय हा तिचाच वंशविस्तार होय. त्याआधी दोनच वर्षे, 1792 मध्ये, नुंगंबाक्कम येथे वेधशाळा उभी राहिली होती. पृथ्वीवर मद्रास नेमके कोठे आहे हे तिच्या वेधांवरून ठरले, आणि त्या बिंदूवरून पुढे इतर स्थळे ठरत गेली.

त्या काळी रस्त्याची मोजणी करण्याचे एक साधे साधन होते, ते म्हणजे चाक. लांब दांड्याला एक मोठे चाक बसवावयाचे, मजुराने ते ढकलीत न्यावयाचे, आणि फेऱ्यांची मोजदाद तबकडीवर आपोआप होत जावयाची. ‘पेरांब्युलेटर’ नावाचे हे यंत्र म्हणजे आपल्या सायकलच्या मोजणीयंत्राचे आजोबाच म्हणावे लागतील. त्याचा दोषही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. खड्ड्यात उतरताना व दगडावर चढताना चाकाला अधिक फिरावे लागे, म्हणून खडबडीत वाटेचे अंतर फुगून येई. घरच्या मराठी वाचकाला दुसरे साधन अधिक परिचयाचे: शंकुसाखळी. तिची लांबी तेहतीस फूट. आणि तेहतीस फूट लांब व तितकीच रुंद जागा म्हणजे आपला गुंठा.

साखळीचा सर्वांत मोठा पराक्रम या शहरात घडला. विल्यम लॅम्ब्टन या लष्करी अधिकाऱ्याने एप्रिल 1802 मध्ये सेंट थॉमस माउंटजवळ मोजणीला आरंभ केला. शंभर फुटांची पोलादी साखळी, तिच्यात अडीच अडीच फुटांचे चाळीस दांडे. उन्हाने पोलाद वाढते म्हणून तिच्यावर सावली धरावयाची, उष्णतामान पाहावयाचे, आणि मग एकेक टप्पा पुढे सरकावयाचे. माउंटपासून पेरुंबाक्कमच्या टेकडीपर्यंतचे अंतर भरले सुमारे 40,006 फूट, म्हणजे साडेसात मैलांहून किंचित अधिक. हे साडेसात मैल मोजण्यास चारशे वेळा साखळी टाकावी लागली आणि त्यात कित्येक आठवडे गेले. या एका रेषेवर पुढे त्रिकोणांची साखळी उभी राहिली. तिलाच 1818 पासून ‘ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे’ असे अधिकृत नाव मिळाले.

या मोजणीचे धागे मराठी इतिहासातही गुंतलेले आहेत. लॅम्ब्टनच्या काफिल्यात अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र होते. सपाट मुलखात उंच जागा मिळेना, म्हणून ते देवळांवर चढवीत. 1808 साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर ते चढवीत असता दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्ब्टनने सहा आठवडे खपून ते स्वतः सरळ केले. त्या वेळी तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे भोसले होते; आणि याच मंदिराच्या भिंतीवर पाचच वर्षांपूर्वी, 1803 मध्ये, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला होता. एकाच देवळाने अवघ्या पाच वर्षांत दोन प्रकारची नोंद पाहिली: एक आपल्या कुळाने आपल्या भाषेत कोरलेली, दुसरी परक्या सत्तेने आकड्यांत केलेली. सरफोजीराजे स्वतः 1820 ते 1822 या काळात काशीयात्रेला गेले होते. दक्षिणेतून उत्तरेकडे याच सुमारास निघालेल्या या दोन वाटा, एक यात्रेकरूची व एक मोजणीदाराची. दोघांच्या नोंदींचे हेतू मात्र किती वेगळे!

लॅम्ब्टनची वाट मराठी मुलखातच संपली. नागपूरकडे जात असता 20 जानेवारी 1823 रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे तो मरण पावला, आणि तेथेच त्याची कबर आहे. माउंटवरून आरंभलेली रेषा हिंगणघाटी थबकली, ती पुढे एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्याशी नेली. पुढे या खात्यात ‘कॉम्प्युटर’ हे एका हुद्द्याचे नाव होते: आकडेमोड करणारा कारकून. 1831 साली त्या कामावर लागलेला राधानाथ सिकदर हा बंगाली तरुण गणितात इतका निष्णात ठरला की, जगातील सर्वोच्च शिखराच्या उंचीची आकडेमोड त्याच्या नावाशी जोडली गेली. शिखराला नाव मात्र वरिष्ठाचे मिळाले. आपल्यासारख्या खर्डेघाशी करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. साखळी वाहणाऱ्या, निशाण धरणाऱ्या, तापाने आणि वाघाच्या तोंडी मेलेल्या माणसांची नावे तर नकाशाच्या कोपऱ्यातही आली नाहीत. वाट ज्याने तुडविली तो एक, आणि वाटेचे माप ज्याच्या मालकीचे झाले तो दुसरा, ही फारकत येथे पक्की झाली.

सायकलने ही फारकत काही काळ मिटविली. 1895 मध्ये अमेरिकेत कर्टिस व्हीडर याने सायकलचे मोजणीयंत्र काढले. चाकाच्या आरीला बसविलेली खुंटी प्रत्येक फेरीला एका दातेरी चकतीला टोला देई आणि आकडा पुढे सरके. मोजणीदाराचे चाक आता सामान्य माणसाच्या मालकीचे झाले, आणि माप पाहणारा व चालविणारा पुन्हा एक झाला. मुंबईचे काही पारशी तरुण 1923 मध्ये सायकलवरून जगप्रवासास निघाले आणि 1928 मध्ये परतले. त्यांनी आपली हकीकत स्वतःच पुस्तकरूपाने लिहिली. येथे मद्रासेत 1949 साली टी. आय. सायकल्स ही कंपनी स्थापन झाली, तिचा कारखाना अंबत्तूरला निघाला, आणि हर्क्युलिस सायकल हिंदी कामगारांच्या हातून घडू लागली. कचेरीत जाणाऱ्या कारकुनाला त्या काळी माप लागत नसे. घर ते कचेरी किती, हे त्याच्या पोटऱ्यांना ठाऊक असे.

मग आले उपग्रह. अमेरिकेने आपल्या जी.पी.एस. संकेतांत सर्वसामान्यांसाठी बुद्ध्याच ठेवलेली अचूकतेची उणीव मे 2000 मध्ये काढून टाकली, आणि नागरी उपयोगाला भरती आली. भारतानेही 2013 पासून स्वतःच्या दिशादर्शक उपग्रहांची मालिका उभारण्यास आरंभ केला. तिचे नाव ‘नाविक’. निदान चार उपग्रहांचे संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून मोबाइल आपली जागा ठरवितो. ताशी पंधरा किलोमीटर वेगाने जाणारा स्वार सेकंदाला सुमारे चार मीटर पुढे सरकतो. सेकंदागणिक एक बिंदू टिपला, तर लॅम्ब्टनच्या रेषेइतके, म्हणजे सव्वाबारा किलोमीटरांच्या आसपासचे अंतर पन्नास मिनिटांत जवळजवळ तीन हजार बिंदूंनी मोजले जाते. चारशे साखळ्यांच्या जागी तीन हजार बिंदू!

तथापि हे मापही निर्दोष नाही. प्रत्येक बिंदूत काही मीटरांची चूक असू शकते. सिग्नलपाशी आपण स्थिर उभे असताना बिंदू इकडेतिकडे नाचतात आणि अंतर फुगते. उलट बिंदू विरळ घेतले तर वळणे कापली जातात आणि अंतर आखडते. पेरांब्युलेटरचा जुना दोष नव्या वेषात आला एवढेच. उंचीची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. गुरुत्वाकर्षणाच्या विषमतेमुळे श्रीलंकेच्या दक्षिणेस समुद्राची पातळी त्या आकाराच्या शंभराहून अधिक मीटर खाली आहे, आणि चेन्नईही त्याच खोलगट भागाच्या परिसरात मोडते. म्हणून दुरुस्ती न करणाऱ्या ॲपमध्ये मरीनावरच्या स्वाराची उंची समुद्राखाली ऐंशी मीटरांहून अधिक दिसू शकते. पृथ्वीचा खरा आकार कोणता, हाच लॅम्ब्टनचाही प्रश्न होता. तो दोनशे वर्षांनी आपल्या खिशात येऊन बसला आहे.

एवढा इतिहास पाहिल्यावर ॲपच्या निवडीचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. कोणाचे चित्र सुबक, कोण अधिक शाबासकी देतो, हे मुद्दे गौण होत. मुख्य मुद्दा हा की, माझ्या वाटेची नोंद कोणाच्या दप्तरी राहणार?

येथे अलीकडची काही उदाहरणे बोलकी आहेत. डेन्मार्कमध्ये जन्मलेले एन्डोमोन्डो हे लोकप्रिय ॲप 2015 साली एका अमेरिकन कंपनीने विकत घेतले आणि 31 डिसेंबर 2020 रोजी बंद केले. सूचना आधी दिली होती, नोंदी उतरवून घेण्यास सवडही होती. पण ज्यांनी ती घेतली नाही, त्यांची वर्षानुवर्षांची दप्तरे गेली. गार्मिनची सेवा जुलै 2020 मध्ये संगणकी दरोडेखोरांमुळे कित्येक दिवस ठप्प झाली. जर्मनीचे कोमूट 2025 मध्ये एका इटालियन कंपनीच्या हाती गेले. मालक बदलतो तेव्हा नोंदीही त्याच्याबरोबर हातबदल करतात. 2009 साली निघालेल्या स्ट्राव्हाने जगभरच्या नोंदींचा एक उजळ नकाशा प्रसिद्ध केला होता. जानेवारी 2018 मध्ये असे ध्यानात आले की, अफगाणिस्तान व सीरियासारख्या प्रदेशांतील लष्करी तळ आणि सैनिकांच्या धावण्याच्या वाटा त्यात स्पष्ट उमटल्या आहेत. कोणी गुप्त कागद चोरला नव्हता. प्रत्येकाने केवळ आपला व्यायाम टिपला होता.

सरकारी नोकरांना यातून घेण्याजोगा धडा उघड आहे. आपल्या घराचे दार आणि कचेरीत जाण्याची वेळ रोजच्या नोंदीतून कोणालाही वाचता येते. म्हणून जे ॲप नोंद मुळातच खाजगी ठेवू देते आणि वाटेचा आरंभ व शेवट झाकू देते, तेच घ्यावे. गंमत अशी की, ज्या सेंट थॉमस माउंटजवळ साखळी प्रथम पडली, तो परिसर आज लष्करी छावणीचा आहे. तेथून जाताना ॲप बंद ठेवणे हेच शहाणपण.

दुसरी कसोटी नोंद बाहेर काढण्याची. वाटेची नोंद लिहिण्याची जी.पी.एक्स. नावाची एक सर्वमान्य पद्धत 2002 पासून आहे. त्या पद्धतीने लिहिलेली नोंद कोणत्याही ॲपमध्ये, कोणत्याही संगणकावर उघडते. जे ॲप तुमची नोंद या रूपात तुमच्या हाती सुखाने देत नाही, ते कितीही देखणे असले तरी दूर ठेवावे. तिसरी कसोटी नकाशाची. 2004 साली सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा नकाशा लोकांनी मिळून रचलेला आहे. त्यावर चालणारी ऑसमँडसारखी ॲपे जाळे नसलेल्या ठिकाणीही वाट दाखवितात, आणि गल्लीबोळ चुकलेला असेल तर तो आपल्याला दुरुस्तही करता येतो. भारत सरकारनेही फेब्रुवारी 2021 मध्ये नकाशांवरील बरेच जुने निर्बंध सैल केले. लॅम्ब्टनच्या काळी नकाशा ही सत्तेची मिरास होती; आज तिच्यात सामान्य माणसालाही वाटा मिळू लागला आहे.

बदलीच्या नोकरीत आपण तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलवितो. भांडीकुंडी, पुस्तके, मुलांचे दाखले बरोबर नेतो. ज्या शहरात राहिलो तेथील वाटांची स्मृती मात्र मागे पडते. ॲपची निवड करताना एवढेच पाहावे की, पुढच्या बदलीच्या सामानात ही वहीही बांधून नेता येईल. बाकी अंतर पाच-दहा मीटरांनी कमी-अधिक भरले, तर ते शास्त्रज्ञांनाही चुकलेले नाही.